‘हक्क सोडला’ असं लिहून दिलेला बाप: एक प्रकरण

केळापूर तालुक्यातलं एक गाव. अर्जदार २९ वर्षांचा. वडिलांच्या नावावर सात एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. हंगाम सरला की तो जिनिंगमध्ये हमालीला जातो. मुलीची आई २७ वर्षांची, शेजारच्या गावची. तो कुणबी, ती बौद्ध. दोन्ही घरांचा विरोध म्हणून लग्न न करता दोघं २०२० च्या दिवाळीनंतर पांढरकवड्याला खोली करून राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये मुलगी झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात भांडण विकोपाला गेलं आणि आई मुलीला घेऊन माहेरी आली. गावच्या तंटामुक्ती समितीसमोर बैठक झाली, स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहिला गेला: ‘सदर मुलीच्या खर्चापोटी एकरकमी ७५,००० रुपये दिले, यापुढे मुलीवर माझा कोणताही हक्क राहणार नाही व तिची आई माझ्याकडे काहीही मागणार नाही.’ दोघांच्या सह्या, पाच साक्षीदार.

आता मुलगी चार वर्षांची आहे. आईचं लग्न हिंगणघाटकडे ठरलं आहे आणि मुलगी आजी-आजोबांकडे राहील असं बोललं जातंय. बाप अंगणवाडीत तिला पाहायला गेला तर मामानं सुनावलं, ‘‘पोरगी आमची होय, तुया काई संबंध नाई.’’ जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव आहे. बापाला तीन गोष्टी हव्या आहेत: मुलीला भेटता यावं, दाखल्यावर आपलं नाव लागावं, आणि आईचं लग्न झालं तर मुलगी आपल्याकडे यावी.

हे एका कुटुंबाचं प्रकरण नाही. विदर्भातल्या खेड्यांत दिसणारी परिस्थिती अभ्यासासाठी एकत्र बांधली आहे. यातला कायदा खरा आहे. यवतमाळ जिल्ह्यात कुमारी मातांचा प्रश्न अनेक वर्षं चर्चेत आहे. तिथं बाप पळून गेलेला असतो. जबाबदारी घ्यायला उभा राहणारा बाप कमी दिसतो, म्हणून त्याचा मार्ग काय हे गावात कुणाला नीट सांगता येत नाही. तो मार्ग अरुंद आहे, पण आहे.

अर्जाआधी तपासायचं ते

सगळ्यात आधी आईची जन्मतारीख. शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊन गर्भधारणेच्या वेळी तिचं वय १८ पूर्ण होतं का, ते मोजायचं. नसेल तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो. तिथं मुलीची संमती बचाव ठरत नाही, आणि बापानं न्यायालयात दिलेली ‘मीच बाप आहे’ ही कबुली त्याच्याच विरुद्धचा पुरावा होते. अशा माणसानं फौजदारी वकिलाशी बोलल्याशिवाय कुठंही सही करू नये. या प्रकरणात आई तेव्हा २२ पूर्ण होती, त्यामुळे ही अडचण नाही. ‘लग्नाचं आमिष’ अशी तक्रार मात्र होऊ शकते. दोघं उघडपणे, घरमालकाला सांगून, दोन-अडीच वर्षं एकत्र राहिले याचा पुरावा म्हणूनच जपून ठेवायचा: भाडेपावत्या, घरमालकाचं म्हणणं, शेजाऱ्यांची नावं.

दुसरं, त्या काळात आईचं दुसऱ्या कुणाशी लग्न टिकून होतं का? असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (जुन्या पुराव्याच्या कायद्याचं कलम ११२) आडवं येतं. लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यावर आईनं पुन्हा लग्न केलं नसेल तर २८० दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल कायद्यानं त्या नवऱ्याचंच मानलं जातं. नवरा-बायकोचा त्या काळात संबंध येणं शक्यच नव्हतं हे दाखवल्याशिवाय ते गृहीतक हलत नाही, आणि केवळ मागितली म्हणून डीएनए चाचणीही मिळत नाही. इथं तसं काही नव्हतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो: हा बाप खरोखर अविवाहित आहे का? विहारात दहा माणसांसमोर वंदना घेऊन हार घातले असतील, किंवा समाजाच्या रीतीनं पाट लागला असेल, तर ते रूढीनं झालेलं लग्न ठरू शकतं. नोंदणी नाही म्हणून लग्न नाही, असं होत नाही. शिवाय स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले तर न्यायालय लग्न झाल्याचं गृहीत धरू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे पुन्हा सांगितलं. लग्न झालं होतं असं न्यायालयात ठरलं की बाप थेट नैसर्गिक पालक होतो आणि पुढचं सगळं चित्र पालटतं. लग्न रद्दबातल असलं, समजा पहिली बायको असताना दुसरा पाट लावला, तरी हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ त्यातलं मूल औरसच मानतं. या प्रकरणात मात्र कुठलाच विधी झाला नव्हता, शिधापत्रिका वेगळ्या होत्या, आणि समितीच्या कागदावर दोघांनी ‘आमचं लग्न झालेलं नाही’ असं स्वतः लिहून दिलं होतं. म्हणून तो अविवाहित बाप, हे धरूनच पुढं जायचं.

गोंड, कोलाम, कोरकू कुटुंब असेल तर इथंच वाट फुटते. हिंदू विवाह, वारसा, दत्तक-पोषण आणि अज्ञानत्व-पालकत्व (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं मूल) हे चारही कायदे अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. तिथं जमातीची रूढी बघावी लागते. मुलगी मुलाच्या घरी येऊन राहिली, जमातीनं ते मान्य केलं, फक्त गावजेवणाला पैसा नाही म्हणून सोहळा राहिला, अशी जोडपी गडचिरोलीत पुष्कळ आहेत. रूढीनुसार ते लग्नच आहे असं जमातीतली जाणती माणसं साक्षीत सांगू शकत असतील तर ‘अविवाहित’ हा शब्द अर्जात लिहूच नये. वकील मंडळी नेहमीचा नमुना उचलून तो लिहितात आणि पुढं तेच अंगाशी येतं.

स्टॅम्प पेपरचं काय

बापाला वाटतं, सही केली म्हणजे संपलं. आजोबांनाही तेच वाटतं. दोघांचंही चुकतंय.

मुलाचं पोषण हा मुलाचा हक्क आहे. आई-बापांनी आपसांत लिहून तो सोडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं कलम १२५) मूल औरस असो वा अनौरस, बापाकडून पोटगी मागता येते, आणि हिंदू दत्तक व पोषण कायद्याचं कलम २० हेच सांगतं. म्हणजे ७५,००० देऊन तो मोकळा झालेला नाही. उद्या आईनं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला तर दरमहा रक्कम ठरेल, आणि ती अर्जाच्या तारखेपासून लागेल. आधी दिलेली रक्कम हिशेबात धरा असं सांगता येईल, एवढंच.

त्याच न्यायानं ‘मुलीवर हक्क राहणार नाही’ हे वाक्यही न्यायालयाला बांधत नाही. मुलाचा ताबा आणि भेट या गोष्टी मुलाच्या हितावर ठरतात. तंटामुक्ती समिती भांडण मिटवायला बसते, तिला पालकत्व काढून घ्यायचा अधिकार नाही.

पण कागद फाडू नका. त्याची खरी किंमत दुसरीकडेच आहे. त्यात आईनं आणि पाच साक्षीदारांनी हा माणूस मुलीचा बाप आहे हे सहीनिशी मान्य केलं आहे. ज्या कागदानं त्याला तोडायचं ठरलं, तोच त्याच्या बापपणाचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. तो हाताशी असेल तर डीएनए चाचणीच्या मागणीनं सुरुवात करायची गरज उरत नाही. समोरच्यांनी बापपणच नाकारलं तर न्यायालयाच्या आदेशानं चाचणी होते. खासगी प्रयोगशाळेत गुपचूप मुलीचे केस किंवा लाळ पाठवून आणलेला अहवाल न्यायालयात टिकणं कठीण, आणि आईच्या नकळत मुलीचा नमुना घेतला हे वागणं त्याच्याच विरुद्ध मोजलं जातं.

कागदाला जोड म्हणून आणखी काय गोळा करायचं? माता व बाल संरक्षण कार्डावर पतीच्या रकान्यात त्याचं नाव असतं. मूळ कार्ड आईकडे असेल, पण आरोग्य उपकेंद्राच्या गरोदर मातांच्या नोंदवहीत तीच माहिती असते. प्रसूतीच्या वेळी रुग्णालयात संमतीपत्रावर सही कुणी केली, तो कागद. औषधांची बिलं, फोनवरचे संदेश, मुलीसोबतचे फोटो तारखेसह. आशाताईंना साक्षीला ओढण्याआधी विचार करा: त्यांना गावात राहायचं असतं, आणि नोंदवही बोलत असेल तर माणसाला त्रास देण्याचं कारण नाही.

कायदा बापाला कुठं उभं करतो

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६. बौद्धांनाही हाच लागू. कलम ६(ब) म्हणतं, अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि आईनंतर बाप. औरस मुलाबाबत क्रम उलटा आहे. ‘पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग बापाकडे’ हे गावात सर्रास ऐकू येणारं वाक्य औरस मुलाच्या तरतुदीतून आलेलं आहे, तेही अर्धवट. या मुलीला पुढच्या ऑगस्टमध्ये पाच पूर्ण होतील म्हणून बापाच्या बाजूनं काहीही बदलत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर असं ठरवलं की अविवाहित आई स्वतःला पालक नेमून घेण्याचा अर्ज करत असेल तर बापाला नोटीस देणंही सक्तीचं नाही. जो बाप मुलाकडे फिरकलाच नाही त्याच्यासाठी आईला अडवून ठेवू नये, हा त्यामागचा विचार. म्हणून ज्याला मुलीच्या आयुष्यात राहायचं आहे त्यानं आपली हजेरी नोंदीत दिसेल असं वागणं फार मोलाचं आहे.

आईचं लग्न झाल्यानं तिचं पालकत्व जात नाही. मुलगी आजोळी ठेवली म्हणूनही आपोआप जात नाही, पण तिथं बापाला बोलायला जागा मिळते: आई सोबत राहणारच नसेल तर मुलीचं हित आजीजवळ की बापाजवळ, हा प्रश्न न्यायालयापुढं ठेवता येतो. आई हयात नसेल तर मात्र ‘आईनंतर बाप’ हे शब्द पूर्ण जोरानं लागू होतात.

अर्ज कसा, कुठं, काय मागून

कायदा: पालक व पाल्य अधिनियम, १८९०. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं ते. नसेल तर जिल्हा न्यायालय. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात ताब्यासोबत ‘भेट’ हा विषयही स्पष्ट लिहिलेला आहे. कलम ९ प्रमाणे मुलगी नेहमी जिथं राहते तिथलंच न्यायालय चालतं. बाप कुठं राहतो याला महत्त्व नाही. ती आजोळी आहे तोवर यवतमाळ जिल्हा. आई तिला हिंगणघाटला घेऊन गेली आणि तिथं शाळेत घातलं, तर वर्धा. चुकीच्या जिल्ह्यात टाकलेला अर्ज वर्षभरानं परत येतो, आणि चार वर्षांच्या मुलीसाठी एक वर्ष म्हणजे बापाचा चेहरा विसरायला पुरेसा वेळ.

सगळ्यात मोठी चूक मागणीत होते. तयार नमुन्यात लिहिलेलं असतं, ‘आई चारित्र्यहीन व अपात्र आहे, सबब मुलीचा कायम ताबा अर्जदारास द्यावा.’ याचे दोन परिणाम. एक, कलम १९ प्रमाणे आई किंवा बाप हयात असून अपात्र नसेल तर न्यायालय दुसरा पालक नेमू शकत नाही. म्हणजे बापानं स्वतःवरच आईची अपात्रता सिद्ध करण्याचा बोजा ओढवून घेतला, आणि ‘ती दुसरं लग्न करतेय’ याला अपात्रता म्हणत नाहीत. दोन, तो मजकूर वाचल्यावर आई तडजोडीला बसेल ही आशा संपते. लग्नाशिवाय तोही तिच्यासोबत राहिलाच होता. चारित्र्याचा मुद्दा काढायचा अधिकार त्याला कुठून आला, असं न्यायाधीश विचारणारच.

आमच्या मते या प्रकरणात मागणी अशी असावी. मुख्य: ठरलेल्या दिवशी मुलीची भेट. त्यासोबत: शाळा, आजारपण आणि गाव बदलणं यांची माहिती बापाला मिळावी. पर्यायी: आईनं मुलीला स्वतःजवळ ठेवलं नाही तर ताब्याचा विचार व्हावा. कलम १२ खाली अंतरिम भेटीचा वेगळा अर्ज पहिल्याच दिवशी जोडायचा, कारण मूळ अर्ज लांबतो. आणि दरमहा किती देणार हे स्वतःहून प्रतिज्ञापत्रावर लिहायचं. मागितल्याशिवाय पोटगी देऊ करणारा बाप न्यायालयाला वेगळा दिसतो.

अर्जासोबत लागतं: मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत (मिळत नसेल तर जन्माची नोंद जिथं झाली तिथून मागावी), समितीचा मूळ कागद, बापाचं उत्पन्न दाखवणारे कागद, घरात मुलीसाठी काय सोय आहे आणि कोण बाई माणूस आहे याचा तपशील. त्याच्या आईचं संमतीचं प्रतिज्ञापत्र जोडलं तर उत्तम. जातीवरून तेढ असलेल्या घरात आजी नातीला सांभाळेल का, हा प्रश्न येणारच, आणि उत्तर कागदावर आधी असावं. याच कारणानं घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा: चारचौघांत आईला किंवा तिच्या घरच्यांना अपमान करायला जातीवाचक शब्द बोलला गेला तर ॲट्रॉसिटी कायदा, १९८९ लागू शकतो आणि त्याचं कलम १८ अटकपूर्व जामीन अडवतं. मुलीच्या भेटीचा विषय तिथंच बुडतो.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर पांढरकवड्याच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असणाऱ्याला मोफत वकील मिळतो. मुलीच्या आईला तर स्त्री म्हणून, आणि अनुसूचित जातीची म्हणूनही, उत्पन्न न बघता मिळतो. ते तिलाही कळवावं. दोन्हीकडे वकील असला तर तडजोड टिकते. मदत क्रमांक १५१००.

निकालाआधी करायचं ते: पैसे रोखीनं देणं बंद. मामाच्या हातात दिलेल्या नोटांचा पुरावा राहत नाही. आईच्या बँक खात्यावर दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ‘मुलीसाठी’ अशा शेऱ्यासह पाठवा. ती परत करत असेल तर परत आल्याचीही नोंद होते. सुकन्या समृद्धी खातं नैसर्गिक किंवा न्यायालयानं नेमलेल्या पालकालाच उघडता येतं, त्यामुळे इथं ते आईनं उघडायचं.

आणि मुलीला अंगणवाडीतून उचलून आणायचं नाही. अपहरणाच्या कलमात (भारतीय न्याय संहिता, कलम १३७) एक अपवाद आहे: स्वतःला अनौरस मुलाचा बाप मानणाऱ्यानं सद्‌भावनेनं मूल नेलं तर तो त्या गुन्ह्यात धरला जात नाही. कुणीतरी हे वाचून सल्ला देतं. पण अपवाद पुढं खटल्यात सिद्ध करायचा असतो. त्याआधी ठाण्यात बसावं लागतं, मुलगी घाबरते, आणि भेटीच्या अर्जावर न्यायाधीश पहिला तोच प्रसंग वाचतात.

तडजोड झालीच तर

अशी प्रकरणं बहुतेक मध्यस्थीत सुटू शकतात, पण अटी ढोबळ लिहिल्या की पहिल्याच महिन्यात मोडतात. ‘बापाला मुलगी भेटवावी’ एवढंच लिहिलं तर काही उपयोग नाही. वार, वेळ, जागा, कोण आणून सोडणार, आजारी असली तर बदली दिवस कोणता, हे सगळं हवं. मुलगी दोन वर्षांत बापाला नीट भेटलेली नाही. म्हणून पहिले तीन महिने दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी १० ते १२, आजोळच्या आजीच्या उपस्थितीत, कुणाच्याच घरी नाही. पुढचे तीन महिने १० ते ५. मग रात्रीचा मुक्काम, मुलगी रुळली असेल तरच. बुधवारी संध्याकाळी ७ वाजता फोन. तान्हा पोळ्याचा दिवस बापाकडे, आंबेडकर जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आईकडे. कापूस वेचणीच्या दिवसांत आजोळचे सगळे रानात असतात, तेव्हा वेळ संध्याकाळची. रक्कम ३,००० रुपये, दर दोन वर्षांनी १० टक्के वाढ, शाळेचा खर्च वेगळा. असा मसुदा पुरसीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) म्हणून दाखल करून न्यायालयाचा आदेश घ्यायचा. पुन्हा स्टॅम्प पेपर नको.

जन्मदाखल्यावर नाव लावण्याचा विषय याच तडजोडीत घालावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खालची दुरुस्ती दोघांच्या संयुक्त अर्जानं आणि प्रतिज्ञापत्रांनी सुरळीत होते. आईचा विरोध असेल तर निबंधक एकट्या बापाच्या सांगण्यावर नाव चढवणार नाहीत. मग न्यायालयातून घोषणा आणावी लागते. आम्ही तिथून सुरुवात करणार नाही. आधी भेट सुरू होऊ द्या.

नाव लागलं तरी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्याचा आग्रह बापानं धरू नये. आंतरजातीय जोडप्याच्या मुलाची जात बापाचीच, असं सुरुवातीला धरलं जातं, पण मूल कुणाकडे आणि कोणत्या समाजात वाढलं हे दाखवून ते खोडता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं आहे. ही मुलगी आईच्या घरी बौद्ध वस्तीत वाढतेय. बापाच्या हट्टापायी पहिलीच्या रजिस्टरमध्ये ‘कुणबी’ लिहिलं गेलं, तर पुढं जात पडताळणीत तिचा अनुसूचित जातीचा दावा अडकतो.

सात एकर

शेवटचा मुद्दा अर्जात येत नाही, म्हणून राहून जातो. लग्नच न झालेल्या आई-बापांचं मूल हिंदू वारसा कायद्यात आईचं वारस असतं, बापाचं नाही. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं रद्दबातल लग्नातल्या मुलांना बापाच्या वाट्यात हक्क दिला, तो इथं पोचत नाही, कारण इथं रद्दबातल का होईना, लग्नच नाही. बाप उद्या गेला तर फेरफाराला या मुलीचं नाव लागणार नाही. दत्तक व पोषण कायद्याच्या कलम २१ आणि २२ खाली मुलीला, ती अविवाहित असेपर्यंत, त्याच्या मालमत्तेतून पोषण मागता येईल, पण त्यासाठी काकांशी दावा लढावा लागेल.

उपाय एकच आणि स्वस्त: मृत्युपत्र. सामायिक जमिनीतला स्वतःचा अविभक्त हिस्साही मृत्युपत्रानं देता येतो. स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदार लागतात. त्यांनी त्याला सही करताना पाहिलेलं असावं आणि त्याच्यासमोर स्वतः सही केलेली असावी. साक्षीदार त्याच्यापेक्षा तरुण निवडावेत. मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि गट क्रमांक लिहावेत, ‘माझी मुलगी’ असा स्पष्ट उल्लेख असावा. नोंदणी सक्तीची नाही, तरी तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी, आणि एक प्रत मुलीच्या आईकडे द्यावी.